कुंडापाशी घेतलेलं नाव

या, जरा सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या, एवढ्या लांबून गोष्ट ऐकू येते पण काळजाला लागत नाही. आज तुम्हाला एका नावाची गोष्ट सांगायची आहे. राजाच्या नाही, कुणा संताच्याही नाही. एका म्हातारीचं नाव होतं ते. गावात कुणी मोठ्यानं घेत नव्हतं, आणि दुसऱ्या एका म्हातारीनं ते भर देवळात घेतलं. गोष्ट संपली की मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. घाबरू नका, पैसे नाही मागणार.

गाव पेत्रोव्रिसी. दूरदेशी, पिंदोसच्या डोंगरात, दगडावर दगड रचून बसवलेलं. त्या देशात भावाभावांत पेटलेली लढाई संपून चार वर्षं झाली होती. बंदुका थांबल्या होत्या, पण माणसं अजून हळू आवाजात बोलत होती. त्या गावात लाम्ब्रिनी नावाची विधवा राहत असे. देवळात वेदीवर जी भाकरी ठेवतात, ती तिच्या भट्टीतली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण देवाघरी गेलेल्या त्रेचाळीस माणसांची नावं तोंडपाठ. दर रविवारी वेदीच्या बाजूच्या दारात उभी राहून ती ही नावं एका सुरात म्हणायची, आणि आत पाद्री पापा-स्तेर्यो एकेका नावाला भाकरीचा एकेक कण काढून ताटलीत ठेवायचा. एकोणिसावं नाव आलं की मात्र पाद्रीबाबांना खोकला यायचा. दर रविवारी, नेमका त्याच नावाला.

सप्टेंबरातला गुरुवार होता. लाम्ब्रिनीचे हात कोपरापर्यंत पिठात होते. दारात थिमिओस उभा राहिला. शेजारचाच पोरगा, आता तिशीचा, कोळसा पाडून पाडून मानेच्या सुरकुत्यांतही काळं भरलेलं.

"कुंबारा, आत येऊ का?"

कुंबारा म्हणजे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल करणारी बाई. थिमिओस आणि आन्थूलाचे मुकुट हिनंच बदलले होते. आणि जी मुकुट बदलते, पहिल्या लेकराची धर्ममाताही तीच. तो मान दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे जन्माचं वैर.

"दार उघडंच आहे," लाम्ब्रिनी म्हणाली. "लेकरू कसं आहे?"

"बरं आहे. रडतं फार."

"रडणारच. बिननावाचं लेकरू ते. त्याच्या देवदूताला कळायचं तरी कसं, कुठल्या पाळण्यापाशी थांबायचं?"

थिमिओस हसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "येत्या रविवारी बाप्तिस्मा ठरवलाय. फौजदारसाहेब पण येणार आहेत."

"कार्वेलास? त्याचा राहून गेलाय होय बाप्तिस्मा?"

"कुंबारा, जरा नावाचं बोलायचं होतं."

"नावाचं काय बोलायचं त्यात? पहिली मुलगी. बापाच्या आईचं नाव."

"फ्रीडेरीकी ठेवायचं म्हणतोय."

लाम्ब्रिनीचे हात पिठातच थांबले. "ही कोण? आन्थूलाच्या माहेरची कुणी?"

"राणीचं नाव आहे, कुंबारा."

"राणी तुझी कोण लागते?"

थिमिओस खाली बघून बोलायला लागला. चार गावांचं टपाल वाटायची जागा रिकामी झाली होती. सरकारी नोकरी, पायांत सरकारी बूट. पण त्यासाठी ठाण्याचा दाखला लागे, या माणसाचे विचार स्वच्छ आहेत असा. आणि फौजदार म्हणाला होता, थिमिओ, तुझ्या घरात चांगलं नाव खेळू दे, मग दाखला लिहिताना माझा हात अडखळणार नाही.

"त्या नावाचा संत कुठला?" लाम्ब्रिनीनं विचारलं. "तिचा सण कधी यायचा? मेणबत्ती कुणापुढं लावायची पोरीनं? राणीसाहेबांना देव शंभर वर्षं देवो, पण त्या नावाला आपल्या पंचांगात दिवस नाही, आणि आपल्या स्मशानात हाड नाही."

"मला शब्द द्या, कुंबारा."

"देवाच्या भाकरीत हात आहेत माझे, आणि तू शपथा मागतोस? पाण्यापाशी काय बोलायचं ते पाण्यापाशी बघू."

थिमिओसनं तो होकार समजला. म्हातारी बाई 'नाही' म्हणाली नाही, म्हणजे 'हो' म्हणाली, असं पुरुषांना वाटतं. तिथंच तो चुकला. कारण त्या गावची रीत अशी की लेकराचं नाव आईबापांनी कितीही ठरवो, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी ते निघतं धर्ममातेच्याच तोंडून. ती जे म्हणेल त्याच नावानं पाद्री लेकराला पाण्यात बुडवतो, आणि एकदा बुडवलं की बुडवलं.

तो गेला. लाम्ब्रिनी पुन्हा पीठ मळायला लागली, पण हात वेगळेच चालत होते. पिठाला उगीचच मार बसत होता.

आता ते एकोणिसावं नाव कुठलं ते सांगतो. पोलिक्सेनी. थिमिओसची आई. लाम्ब्रिनीची आणि तिची भट्टी एकच, आज हिचं सरपण, उद्या तिचं. पोलिक्सेनीला दोन मुलगे. धाकटा निकिफोरोस सरकारशी लढायला बंदूक घेऊन डोंगरात गेला. आई काय करणार? डोंगरावर भाकरी पाठवली, लोकरीचे मोजे पाठवले. मुलगा मेला तो मेलाच, पण मोज्यांपायी आईला धरून कैद्यांच्या बेटावर नेलं. तिथं रोज तिच्यापुढं कागद ठेवायचे. 'मी त्या मुलाला मुलगा मानत नाही, मी चुकले' असा कागद. खाली अंगठा लाव आणि घरी जा.

बेटावरून परत आलेल्या एका बाईनं पोलिक्सेनीचं उत्तर लाम्ब्रिनीला जसंच्या तसं सांगितलं होतं. पोलिक्सेनी त्या अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, अंगठा माझा आहे, पण त्याच्याखाली तुम्ही जे नाव लिहिणार ते माझं नाही. ते माझ्या आजीचं आहे, तिनं वापरायला दिलंय. तिला विचारल्याशिवाय कागदावर कसं देऊ? आणि ती तर वरती आहे. तुम्हीच जाऊन विचारून या."

साहेब काही वर गेला नाही. दोन हिवाळ्यांनी पोलिक्सेनीच गेली. तिला वाळूत पुरलं. वरच्या फळीवर नाव नव्हतं, आकडा होता.

आणि एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, पण कुणी बोलत नसे. त्याच दिवसांत थिमिओसलाही छावणीत धरून ठेवलं होतं. त्यानं सही केली. 'माझी आई आणि भाऊ यांच्याशी माझा संबंध नाही.' तो कागद रविवारी देवळाच्या पायरीवर उभं राहून वाचला गेला, सुटलेला थिमिओस खाली गर्दीत उभा असताना. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून आईचं नाव कुणी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी आन्थूला आली. बाळ पाठीशी बांधलेलं. पंचविशीची, पलीकडच्या खोऱ्यातली, सरळ बोलणारी.

"कुंबारा, फिरवून फिरवून विचारत नाही. नाव कुठलं घेणार?"

"तुला कुठलं हवंय?"

"मला टपालाची नोकरी हवी आहे." आन्थूला भट्टीशेजारी टेकली. "तुम्ही ह्यांची उशी बघितली नाहीत. सकाळी तिच्यावर काळं थुंकलेलं असतं. आणखी दोन हिवाळे कोळसा केला तर माझ्या पोरीला बाप उरायचा नाही. नावानं छाती बरी होते का, सांगा. सासूबाईंना मी पाहिलंही नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्या गेल्या. हे आहेत."

लाम्ब्रिनीनं गरम भाकरीचा तुकडा मोडून आन्थूलाच्या हातात दिला.

आन्थूला उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "आणखी एक सांगते. का सांगतेय ते मला माहीत नाही. हे झोपेत 'आई' म्हणून हाक मारतात. जागेपणी कधीच नाही."

मग लाम्ब्रिनीला चैन पडेना. खरं सांगायचं तर तिच्या मनात आधी सगळं स्वच्छ होतं, आणि आन्थूलानं ते ढवळलं. मेलेलीचं नाव राखताना जित्याची भाकरी जात असेल तर? शनिवारी दुपारी ती देवळात गेली. पापा-स्तेर्यो रविवारच्या प्रवचनाची उजळणी करत होता. त्याचं प्रवचन ऐकलं नाही त्यानं काय ऐकलं! बोलता बोलता त्याचा आवाज वर चढे, शब्द लांबू लागत, आणि बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते ऐकणाऱ्याला कळत नसे. अंगावर काटा मात्र येई. म्हाताऱ्या बायका त्याला 'आमचा चंडोल' म्हणत.

"पाद्रीबाबा, माझ्या एका शब्दानं एखाद्या घराची भाकरी गेली, तर पाप कुणाला?"

पापा-स्तेर्योनं तिच्याकडे बघितलं. त्याला विचारावं लागलं नाही, कुठलं घर आणि कुठला शब्द. "मला विचारतेस? मी खोकणारा माणूस."

"ठाऊक आहे. तीन वर्षं त्या खोकल्यावर मध पाठवतेय तुम्हाला."

पाद्री ओशाळून हसला. दाढीतून हात फिरवत म्हणाला, "लाम्ब्रिनी, ठरव तूच. मी एवढंच सांगतो. जे नाव तू घेशील त्याच नावानं मी बुडवीन, तीनदा. आणि मग ते नाव काढायला आर्चबिशप खेचरावर बसून वर आला, तरी निघायचं नाही."

रविवार उजाडला तेव्हाही तिचं ठरलेलं नव्हतं.

देऊळ गच्च भरलं होतं. आई बाप्तिस्म्याला येत नाही, घरीच थांबते. नाव उच्चारलं की गावची पोरं धावत जाऊन तिला सांगतात. तेव्हा आन्थूला घरी, आणि पोरांचा घोळका दाराशी, शर्यतीच्या बैलांसारखा फुरफुरत. थिमिओस धुतलेल्या सदऱ्यात खांबापाशी. तांब्याचं मोठं कुंड मधोमध, त्यातून वाफ निघते आहे. फौजदार कार्वेलास उशिरा आला आणि पश्चिमेच्या दारातच उभा राहिला, टोपी काखेत धरून.

आधी पाद्रीनं प्रवचन केलं. धनगराची गोष्ट सांगितली. म्हणाला, संध्याकाळी कळप घरी येतो तेव्हा नवखा धनगर काय करतो? मोजतो. नव्याण्णव, शंभर, झालं. पण जुना धनगर मोजत नाही, तो हाका मारतो. काळी, तांबडी, लंगडी, चांदणी. कारण आकडा पुरा भरला तरी आत लांडगा असू शकतो, आणि हाक मारल्याशिवाय डोंगरावर कोण राहिली ते कळत नाही. इथपर्यंत तो बोलला. मग आवाज चढला.

"धनी माझा मोजत नाही गं, धनी हाका मारतो... जिला हाक नाही गेली, ती अजून डोंगरावर आहे..."

गाणं घुमटाला लागून खाली आलं. लाम्ब्रिनीच्या कुशीतलं बाळ रडायचं थांबलं. आणि लाम्ब्रिनीच्या डोळ्यांपुढं वाळू आली, वाळूतली फळी, फळीवरचा आकडा. बाई गं, तुला मोजलं त्यांनी. हाक कुणी मारली?

तिचं ठरलं.

मग विधी सुरू झाला. धर्ममातेनं पश्चिमेकडे तोंड करायचं आणि सैतानाला झिडकारून त्याच्यावर थुंकायचं, असा तो विधी. लाम्ब्रिनी पश्चिमेला वळली. समोर दारात कार्वेलास. ती तीनदा थुंकली. दोनदा रीतीपुरती, तिसऱ्यांदा जरा जास्तच ओली.

"मला बघून थुंकतेस काय?" तो पुटपुटला.

"सैतान पश्चिमेला असतो, साहेब. तुम्ही कुठं उभं राहायचं ते तुमचं तुम्ही बघा."

बायकांच्या बाजूला पदराआड हसू फुटलं. लाम्ब्रिनीनं विश्वासाच्या कबुलीची प्रार्थना न अडखळता, एका दमात म्हटली. बाळाचे कपडे उतरवले, अंगाला तेल चोळलं. पाद्रीनं बाह्या वर सारल्या.

"नाव काय?"

लाम्ब्रिनीनं थिमिओसकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"पोलिक्सेनी," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" दारातून कार्वेलासचा आवाज आला.

"ऐकू नाही आलं? घ्या!" लाम्ब्रिनी सगळ्या देवळाकडे वळली, तेलानं चकाकणारं बाळ छातीशी धरून. "पोलिक्सेनी! थिमिओसच्या आईचं नाव. तिच्या आजीचं नाव. आणि त्या आजीच्या आजीचं, जिनं या देवळाला पहिला दगड पाठीवर वाहून आणला. उसनं आणलेलं नाही, डोंगरापलीकडून मागवलेलं नाही. या घरचंच आहे, घरी परत चाललंय!"

थिमिओस दोन ढांगांत पुढं आला, तिची बाही धरली. चेहरा राखेसारखा. "कुंबारा, चुकलं म्हणा. देवासाठी चुकलं म्हणा."

"चुकायला मी कागद वाचतेय होय रे? मला वाचता येत नाही. मला नावं पाठ आहेत."

सगळे पाद्रीकडे बघायला लागले. पापा-स्तेर्योनं बाळाला हातांत घेतलं. छाती भरून श्वास घेतला. आता खोकतो की काय, असं प्रत्येकाला वाटलं, कारण एकोणिसावं नाव गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो खोकला नाही. तो गायला. "देवाची दासी पोलिक्सेनी बाप्तिस्मा घेते आहे..." बाळ पाण्यात गेलं, वर आलं, किंचाळलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी ते नाव आधीपेक्षा वरच्या पट्टीत. ज्या नावाला तीन वर्षं कोंडलं होतं, ते त्यानं त्या दिवशी भिंतींना लावून लावून ऐकवलं. मागं कोणीतरी बाई ओक्साबोक्शी रडत होती. पोरं दारातून सुटली, फौजदाराच्या पायांतून, काखेतून, आणि उतारावर ओरडत निघाली, "पोलिक्सेनी! पोलिक्सेनी!"

विधी संपला. पाद्रीनं बाप्तिस्म्याची वही उघडली. कार्वेलास टेबलापाशी आला. तो ओरडला नाही; त्याला ओरडायची गरज पडत नसे.

"म्हातारीचा गोंधळ झाला," तो म्हणाला. "होतं वयानं. वहीत बापानं सांगितलेलं नाव लिहा, पाद्री."

"पाणी ओतून झालं, साहेब," पापा-स्तेर्यो म्हणाला. त्याची लेखणी चालतच होती. "ओतलेलं पाणी शाईनं पुसता येत नाही."

"बरं." कार्वेलासनं खिशातून कोरा कागद काढला, स्वतःचं पेन काढलं, झाकण उघडून थिमिओसपुढं धरलं. "तू लिही. माझ्या इच्छेविरुद्ध हे नाव घेतलं गेलं, घरात मी मुलीला या नावानं हाक मारणार नाही. खाली सही. बाकी मी वरच्यांशी बघतो. दाखला लिहून तयार आहे, थिमिओ. इथं, या खिशात."

थिमिओसनं पेन घेतलं.

लाम्ब्रिनीनं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिचं काम कुंडापाशी संपलं होतं. हे तिच्या तोंडचं नव्हतं. बाळाच्या ओल्या जावळावरून ती नुसता हात फिरवत राहिली.

थिमिओस कागदाकडे बघत होता. मग बोलला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"अशी एक सही मी केलेली आहे."

"काय?"

"तुम्ही तेव्हा इथं नव्हता, साहेब. त्या पायरीवर उभं राहून गावाला वाचून दाखवली ती. नंतर कळलं, माझी सही बेटावर नेऊन आईला दाखवली होती. म्हणाले, बघ, मुलानं केली, आता तू कर. तिनं ती उलटी धरली म्हणे, वाचता कुठं येत होतं! आणि म्हणाली, हात बरा आहे ना त्याचा? अक्षर वाकडं आलंय."

थिमिओसनं पेन बोटांत एकदा फिरवलं.

"एक सही जन्मभर पुरते, साहेब. दुसरी नको." त्यानं पेनाचं झाकण लावलं आणि ते कागदावर ठेवून दोन्ही परत सरकवलं.

"टपाल दुसरा कुणी वाटेल मग."

"वाटू दे. मला पत्र आलं तर घेईन त्याच्याकडून."

कार्वेलासनं पेन खिशात ठेवलं. जाता जाता लाम्ब्रिनीपुढं थांबला. "तुझं पुरं नाव काय, म्हातारे?"

"लाम्ब्रिनी. लिहून घ्या. आणि कुठून आलं ते विचारायचं असेल तर बसा सावकाश. सात पिढ्या आहेत, जेवणाआधी संपायच्या नाहीत."

तो बसला नाही. बाप्तिस्म्याला वाटतात ते साखरेचे बदामही न घेता उतरून गेला.

लाम्ब्रिनी बाळाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून थिमिओसच्या घरी निघाली. मागं सगळी मंडळी, पण गाणं कुणी सुरू करेना. आन्थूला उंबऱ्यात उभी होती. पोरांनी नाव केव्हाच पोचवलं होतं. तिचे डोळे लाल होते.

"बिननावाचं दिलंस," लाम्ब्रिनीनं रीतीचे शब्द म्हटले, "नावाचं परत घे."

आन्थूला रीतीप्रमाणे तीनदा जमिनीपर्यंत वाकली. उठली. धर्ममातेच्या हाताचं चुंबन घ्यायचं असतं, ते घेतलं नाही.

"नोकरी?"

"गेली."

"तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं," लाम्ब्रिनी म्हणाली. ती मागं सरकली नाही, की पदर डोळ्यांना लावला नाही. "शिव्या घालायच्या तर घाल. पण पोरीला घे आधी, अंग ओलं आहे तिचं."

आन्थूलानं बाळ घेतलं. तेवढ्यात थिमिओस पुढं आला. बाळाच्या कपड्याची कड बाजूला करून त्यानं त्या लाल, चिडलेल्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"पोलिक्सेनी," तो म्हणाला. मग अंगणात सगळ्यांदेखत, मोठ्यांदा, जसं पलीकडच्या माळावरच्या माणसाला बोलावतात तसं, "पोलिक्सेनी! ए पोलिक्सेनी!" आणि हा कोळशानं काळवंडलेला गडी उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

आन्थूला त्याच्याकडे बघत राहिली. तिनं त्याला जागेपणी असं कधी बघितलं नव्हतं. मग नाक पुसलं आणि लाम्ब्रिनीकडे वळली.

"ऐका, कुंबारा. उपाशी पोटी नाव मोठं होत नाही. उद्यापासून तुमच्या भट्टीतली अर्धी भाकरी या घरी यायची. रोज. उपकार म्हणून नाही, दंड म्हणून."

"कबूल," लाम्ब्रिनी म्हणाली.

"आणि आता सगळे आत या. बोकड निवतोय. फौजदाराचा वाटा आम्ही खाऊ."

भाकरी अकरा वर्षं, लाम्ब्रिनी जाईपर्यंत, जात राहिली, बर्फ असो की पाऊस. थिमिओसची छाती पुरती बरी झाली नाही. खोटं कशाला सांगू? पण त्या अंगणातून दिवसातून वीस वेळा हाक उठायची, 'पोलिक्सेनी, शेळ्या आण', 'पोलिक्सेनी, पाणी भर', 'पोलिक्सेनी, मेली कुठं तडफडलीस', आणि गावातलं कुणी मान खाली घालत नसे. वेदीपुढं एकोणिसाव्या नावाला कण पडत राहिला.

आता माझं मागणं. पोलिक्सेनीचं नाव पुढं गेलं, तिला तुमची गरज नाही. पण लाम्ब्रिनीला मूलबाळ नव्हतं. दुसरीचं नाव जिनं पाण्यातून वर काढलं, तिचं नाव घेऊन कुणी नात अंगणात खेळली नाही. तेव्हा आज घरी जाऊन दिवा लावाल, आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढाल, तेव्हा त्यांच्या शेवटी हिलाही एक हाक मारा. लाम्ब्रिनी. मनातल्या मनात नको. मोठ्यांदा.